पाळण्यातला लॅपटॉप

कवठे येमाईच्या ईश्वरनं एका रविवारी, मटणाचं जेवण अंगावर आलेलं असताना, एक छोटासा निर्णय घेतला. यापुढं कॉम्प्युटरवर न वाचता ‘मान्य’ दाबायचं नाही. बस, एवढाच. लोक तंबाखू सोडतात, सोसायटीच्या इलेक्शनला उभे राहतात. त्यांच्या मानानं हा निर्णय म्हणजे काहीच नाही. पण काही माणसांच्या हातून लहान काम होतच नाही, आणि ईश्वर त्यातला. (पंक्चर काढायला उघडलेली सायकल त्यानं एकदा पोत्यात भरून दुकानात नेली होती.)

झालं असं, की लॅपटॉप सुरू केल्यावर समोर एक लांबलचक करार आला आणि खाली नेहमीचं बटण. जग काय करतं? बटण दाबतं आणि पुढं जातं. ईश्वर वाचायला बसला. त्याच्या आजोबांनी कागद न वाचता अंगठा दिला होता आणि विहिरीकडची पट्टी गेली होती. त्या पट्टीचं रडगाणं ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. चहाची वेळ झाली तरी करार संपेना. शेवटी कळलं ते असं, की लॅपटॉप त्याचा, पण आतलं सगळं कंपनीचं. आत काय चाललंय ते बघायचं नाही, बदलायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही.

“म्हंजी रान आपलं आन् सातबारा दुसऱ्याच्या नावावर,” तो बायकोला म्हणाला.

सुषमा ओट्यावर शेवंती निवडत बसली होती. “चहा गार होतोय,” ती म्हणाली.

ईश्वर सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथं त्याच्याबरोबर केरळचा बिजू होता. त्याच्यापाशी ईश्वरनं हे गाऱ्हाणं मांडलं, तर तो पाना खाली ठेवून म्हणाला, “भाईसाब, मशीन आपका, तो मर्जी किसका?” एवढं एक वाक्य. ईश्वरच्या काळजाला ते असं भिडलं, की त्या दिवशी त्यानं एक नटबोल्ट उलटा आवळला.

बिजूनं त्याला मुक्त सॉफ्टवेअरची दीक्षा दिली. असं सॉफ्टवेअर, जे कुणीही वापरावं, आतून उघडून बघावं, आपल्या सोयीनं बदलावं आणि शेजाऱ्याला खुशाल द्यावं. ईश्वरनं त्याचं लगेच आपल्या भाषेत रूपांतर केलं: गावरान बी. पेरा, राखून ठेवा, पाव्हण्यारावळ्यांना वाटा, कुणाच्या बापाची परवानगी नको. हे तो पारावर सांगायला लागला, डेअरीत सांगायला लागला, कंपनीच्या बसमध्ये सांगायला लागला. महिन्याभरात बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहू लागली. ईश्वरला वाटलं, लोक आता आपल्याला मान द्यायला लागले.

पण नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागत नाही, हे बिजूनं नंतर सांगितलं. यंत्र सुरू होताना जो पहिला प्रोग्राम जागा होतो, तोही बंदिस्त असतो. वायफायच्या कार्डात असतो तो वेगळाच. यंत्रसुद्धा मोकळं हवं. मग काय, ईश्वरनं पुण्याहून एक जुना लॅपटॉप आणला, ज्याच्यात तो पहिला प्रोग्राम बदलता येत होता, आणि सुषमाचं धान्य पाखडायचं सूप घेऊन त्यात तो उघडला. आतल्या चिपला चिमटा लावून, श्वास धरून, देवाचं नाव घेऊन काम झालं. एक स्क्रू मात्र काही सापडेना. सकाळी तो उपिटात निघाला. सुषमानं तो कढीपत्त्यासारखा ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि खात राहिली.

लॅपटॉप चालू झाला तेव्हा ईश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायलाच पाहिजे. “आता हे वरपासून खालपर्यंत आपलं,” तो म्हणाला. सुषमाला पडद्यावरचं काही कळलं नाही, पण नवऱ्याचं तोंड कळलं. तिनं उठून शिरा केला.

इथं थांबला असता तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण त्यानं बंदिस्त वायफाय कार्ड उपटून काढलं. त्याच्या जागी मोकळं कार्ड मागवलं, ते कुरिअरनं कवठे महांकाळला पोचवलं. (कवठे बरोबर होतं, फक्त येमाई आणि महांकाळ यांच्यामधे अर्धा महाराष्ट्र.) मग आपल्याला कुणी चोरून बघू नये म्हणून त्यानं कॅमेऱ्यावर पट्टी लावायचं ठरवलं. पट्टी सापडली नाही. प्लंबिंगच्या डब्यात एमसील सापडलं. मेंटेनन्सचा माणूस तो, पाइप फुटला तरी एमसील निघणार नाही असं त्यानं कॅमेऱ्याचं तोंड लिंपून टाकलं.

आणि मग त्यानं दोन्ही फोन हातात घेतले. आधी स्वतःचा, मग सुषमाचा.

“दोन दिवसांत देतो,” तो म्हणाला होता. त्यानं फोनमधलं बंदिस्त तेवढं सगळं काढून टाकलं. त्यात फोन लावायचं जे असतं तेही बंदिस्तच होतं, तेही गेलं. दोन्ही फोन आता पूर्ण मुक्त होते. कुणाचा फोन येणार नाही, कुणाला जाणार नाही, नुसतं घड्याळ दाखवत बसायचे. सुषमाचे नंबर, फोटो, सगळं गेलं. ती एवढंच म्हणाली, “बारशाच्या आधी कायतरी करा.”

आता हे बारसं नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच होतं.

सुषमाचं माहेर दौंडकडचं, भांडगाव. तिचा धाकटा भाऊ सत्यजीत कंपनीतर्फे जर्मनीला गेला होता. त्याची बायको पूनम तिकडंच बाळंत झाली, मुलगी झाली. पूनमच्या आईला व्हिसा मिळाला. सुषमाच्या आईला, अनसाबाईंना, व्हिसा मिळाला असता, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. बारसं तिकडं होणार होतं, आणि बाळाच्या कानात नाव सांगणार होती आत्या. म्हणजे सुषमा.

सुषमा-ईश्वरच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. शिरूर झालं, दौंड झालं, पुणं झालं, मग एक दिवस दोघंही दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाले, आता पुरे. ईश्वर सावरला, निदान तसं दाखवलं. पण गावात बारसं असलं की सुषमाला बोलावणं यायचं ते उशिरा, घुगऱ्या वाटायच्या वेळेला. पाळण्याच्या दोरीला हात लाव असं तिला कुणी म्हणत नसे. कुणी वाईट नव्हतं, तशी रीतच पडली होती. तीही कोपऱ्यात बसून घुगऱ्या घ्यायची आणि घरी येऊन जरा जास्तच भांडी घासायची. पण भावाच्या लेकरापुढं कुणाचं काही चालत नाही. कानात नाव आत्यानंच सांगायचं. हा एक पाळणा तिचा होता. नावही तिनं मनात पक्कं केलं होतं आणि ईश्वरलासुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणून ईश्वरनं छातीवर हात ठेवून सांगितलं, “बारसं आपल्या अंगणात करू. माझ्या लॅपटॉपवर सगळं दिसंल, मोठ्ठं. तुझ्यासाठी यवढं करतोच.”

शेजारचे हौसराव, डेअरीचे चेअरमन, पोक्त माणूस. ते म्हणाले, “ईश्वरा, माझ्या फोनवरनं कर की लेका. माझा नातू रोज बोलतो व्हिडिओवर.”

“आप्पा, तुमच्या फोनचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर हाय.”

हौसरावांनी खिशातून फोन काढून उलटासुलटा करून बघितला. “पावती हाय की माझ्याकडं,” ते म्हणाले. पण फार ताणलं नाही. उलट आपल्या घरच्या नेटची वायर न्यायला परवानगी दिली. ईश्वरनं ती त्यांच्या खिडकीतून, बोळावरून, शेवग्याच्या झाडाला वेढा देऊन अंगणात आणली.

बारशाच्या दिवशी अनसाबाई भांडगावहून जीपनं आल्या, मांडीवर काजळकुंकवाचं ताट आणि कमरेला बटणांचा फोन. (त्यात एकही नंबर साठवलेला नाही, आलेला फोन तेवढा उचलायचा.) गल्लीतल्या बाया आल्या. हौसरावांच्या मंडळी पुतळाबाई घरचा सागवानी पाळणा घेऊन आल्या. सुषमाच्या अंगणात पहिल्यांदाच पाळणा आला होता. ती त्याला झेंडू बांधत होती आणि मधेच पदरानं उगाच लाकूड पुसत होती. ईश्वरनं ते पाहिलं आणि तो वायर तपासायच्या निमित्तानं पाठमोरा झाला.

ठरल्या वेळी कॉल लागला. लागला म्हणजे खरंच लागला! पडद्यावर सत्यजीत आला, मागं पूनम, आणि तिच्या कुशीत लाल कुंचीतलं इवलंसं तोंड. बायांनी “अगंबाई” म्हणून गालावर बोटं ठेवली.

“दाजी, आवाज येतोय,” सत्यजीत म्हणाला. “पण तुमच्याकडं लाइट गेलीय का? अंधार दिसतोय.”

“ते सुरक्षेसाठी हाय,” ईश्वर म्हणाला.

“मग आत्या न्हाई का दिसणार बाळाला?” सत्यजीतनं विचारलं.

ईश्वरनं नखानं एमसील खरवडून बघितलं. पण अनसाबाईंनी वेळ सावरली. “यवढ्याशा लेकराला दिसतंय काय अजून? नाव घ्या उरकून.”

आता पुतळाबाईंनी सूत्रं हातात घेतली. गावातलं एकही बारसं त्यांच्यावाचून झालेलं नाही. त्यांनी पाळण्याकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं आणि म्हणाल्या, “रिकामा पाळणा हलवत न्हाईत बाई. लेकरू कुठाय?”

“लेकरू जर्मनीत हाय, काकू,” सुषमा म्हणाली.

“ते हाय की हितं,” पुतळाबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “ठेवा पाळण्यात.”

यात चूक काय? काहीच नाही. लेकरू जिथं दिसतंय ते पाळण्यात ठेवायचं. सगळ्या बायांना पटलं, अनसाबाईंना पटलं, आणि खरं सांगायचं तर ईश्वरलाही पटलं. आपला लॅपटॉप पाळण्यात झोपलेला बघून त्याचा ऊर भरून आला. कुणीतरी लॅपटॉपला काजळाची तीट लावली. दुपटं पांघरलं. एका बाजूनं नेटची वायर, दुसऱ्या बाजूनं चार्जरची वायर. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच देवाघरी गेली होती, म्हणून चार्जर काढायची सोय नव्हती.

“घे सुषमे, दोरी धर,” पुतळाबाई म्हणाल्या.

सुषमानं दोरी हातात घेतली. क्षणभर नुसती धरून उभी राहिली. मग ओढली.

पाळणा डावीकडं गेला, नेटची वायर निघाली. पाळणा उजवीकडं आला, चार्जरची निघाली. पाळणागीतातल्या जाई-जुईच्या ओळी म्हणायला तोंड उघडलेल्या बाया तशाच राहिल्या. दुपट्याखाली काळोख झाला.

ईश्वर धावला. वायरी जोडल्या, बटण दाबलं. मुक्त लॅपटॉप शांतपणे जागा झाला आणि त्यानं पासवर्ड मागितला. ईश्वरनं चोरांच्या भीतीनं आख्खं एक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. वाक्य आठवत होतं. शेवटी पूर्णविराम दिला होता की नाही, ते आठवत नव्हतं. दिला, चुकलं. काढला, चुकलं. आता यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, सावकाश, कारण ते कुणाच्या बापाचं नोकर नव्हतं.

“सत्यजीतला फोन लावा की,” एक बाई म्हणाली.

नंबर कुणाला होता पाठ? नंबर होता सुषमाच्या फोनमध्ये. आणि सुषमाचा फोन घड्याळ दाखवत होता. हौसराव आपला फोन घेऊन पुढं आले होते, तेही नंबर नसल्यामुळं तसेच उभे राहिले. तिकडं पूनम बाळाला घेऊन ताटकळली असणार, भटजींनी काढून दिलेली वेळ टळत चालली असणार.

सुषमा ओरडली असती तर बरं झालं असतं, असं ईश्वरला वाटलं. ती ओरडली नाही. पाळण्याच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, “मशीन ज्याचं, मर्जी त्याची, म्हणता ना तुम्ही?”

“व्हय.”

“मग माझा फोन कुणाचा होता वो?”

ईश्वरनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. एवढे करार वाचले, एवढी भाषणं दिली, आणि घरातल्या माणसाला विचारायचं तेवढं राहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिची कीव आली. कीव नव्हे, मायाच. तो तिच्यापाशी जमिनीवर बसला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. चारचौघांत, बायांच्या देखत म्हणाला. पुतळाबाईंनी मान दुसरीकडं फिरवली.

तेवढ्यात अनसाबाईंच्या कमरेत काहीतरी थरथरलं. त्यांनी बटणांचा फोन काढला, लांब धरून डोळे बारीक केले आणि कानाला लावला. “कोण? सत्या? व्हय रे बाळा, हाय हितंच. न्हाई, लाइट न्हाई गेली, पाव्हण्यांचं मशीन झोपलंय.”

“आई, लवकर दे ताईला,” सत्यजीतचा आवाज अंगणभर ऐकू आला, कारण अनसाबाईंना कमी ऐकू येत असल्यानं फोन कायम फुल आवाजात असे. “तुम्हा दोघांचे फोन लागंनात. बाळ आत्ताच गप्प झालंय.”

हौसराव पुढं झाले. “थांब, थांब. त्याला म्हणावं माझ्या नंबरवर व्हिडिओ कर, म्हंजी चेहरा दिसंल.”

पण सुषमा उठली होती. तिनं आईच्या हातातून फोन घेतला आणि आवाज कमी केला. “नको आप्पा,” ती म्हणाली. “नाव कानात सांगायचं असतंय, डोळ्यात न्हाई.”

मग ती फोनमध्ये म्हणाली, “सत्या, फोन तिच्या कानाला लाव. हळू. टोचू देऊ नको.”

सुषमानं पदर डोक्यावरून ओढून फोन आत घेतला, तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि ओठ हलवले. काय म्हणाली, कुणाला ऐकू आलं नाही. पुतळाबाईंनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपका घातला, मग अनसाबाईंनी, मग साऱ्या बायांनी. त्या धपक्यांत ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. लेकराचा कान तिकडं जर्मनीत, आणि आत्याची पाठ इकडं कवठ्यात. पण बारसं झालं.

“जाई,” सुषमा सगळ्यांना म्हणाली. “जाई ठेवलंय.”

घुगऱ्या वाटल्या. पहिली मूठ पुतळाबाईंनी सुषमाच्या ओटीत घातली, आणि यापुढं आपल्या घरच्या बारशाला दोरी धरायला तूच ये, असं सांगून टाकलं. सांगताना त्या सुषमाकडं बघत नव्हत्या, पण सांगितलं.

फोन अजून चालूच होता. सुषमानं तो ईश्वरपुढं धरला. “बोला. तुम्ही पण आशीर्वाद द्या.”

ईश्वर गांगरला. आजवर तो कुणा लहान बाळाशी फोनवर बोलला नव्हता. त्यानं घसा साफ केला. “जाई,” तो म्हणाला, “मी तुझ्या आत्याचा नवरा. आज माझ्यामुळं घोटाळा झाला, तर माफ कर. मोठी झालीस की खूप शीक. आन् एक कर, न वाचता मान्य कधी दाबू नको. काय आसतं, सॉफ्टवेअरचे परवाने दोन प्रकारचे आसत्यात...”

सुषमानं कपाळाला हात लावला. पण गाडी निघाली होती. परवाने झाले, गावरान बी झालं, यंत्रातला पहिला प्रोग्राम झाला. पलीकडून एक शब्द नाही, हूं की चूं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कुणीतरी मधे न तोडता ऐकतंय, या जाणिवेनं ईश्वरला गहिवर आला. वायफाय कार्डाच्या आतली गोष्ट तो अगदी मनापासून सांगू लागला.

जरा वेळानं थांबला. “हॅलो? कळतंय का काही?”

“दाजी,” सत्यजीत अगदी दबक्या आवाजात म्हणाला, “थांबू नका. झोपलीय. दवाखान्यातनं आल्यापास्नं पहिल्यांदा अशी झोपलीय. पूनम पण झोपली. सासूबाई बसल्या जागी झोपल्यात. तेवढं ते कार्डाचं चालू द्या.”

तेव्हापासून रोज तिकडच्या संध्याकाळी अनसाबाईंच्या फोनवर, म्हणजे आता कवठ्यातच ठेवून घेतलेल्या फोनवर, जर्मनीहून कॉल यायचा आणि ईश्वर बोलायचा. सुषमाचा फोन त्यानं तिला हवा तसा, तिला विचारून विचारून, पूर्ववत करून दिला. शेवटी रोजच्या फोनला कंटाळून सत्यजीतनं ते भाषण रेकॉर्ड करून मागितलं. ईश्वरनं ते केलं आणि तत्त्वाला धरून खाली लिहिलं: कुणीही वापरावं, कुणालाही द्यावं. त्याचं मुक्त सॉफ्टवेअर अजून गावात कुणी घेतलेलं नाही. रेकॉर्डिंग मात्र घराघरात आहे. कवठ्यात रात्री पोर रडलं की हौसरावांच्या घरापासून सगळीकडं ईश्वरचा आवाज लागतो आणि पोरं पहिल्या परवान्यालाच डोळे मिटतात.

पूनमनं परवा सुषमाला विचारलं, “ताई, तुम्ही पण लावता का ते झोपायला?”

“मला कशाला लागतंय रेकॉर्डिंग,” सुषमा म्हणाली. “सोर्स माझ्या शेजारीच हाय. पण त्याला परवान्यापर्यंत पोचायच्या आधी स्वतःलाच झोप लागती.”